टायफॉइडचा जिवाणू: एकेक औषध निकामी का होत गेले?

टायफॉइड म्हणजे विषमज्वर. पूर्वी घरोघरी त्याला 'मुदतीचा ताप' म्हणत, कारण तीन-चार आठवड्यांची आपली मुदत भरल्याशिवाय तो उतरत नसे. प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक औषधे, येण्यापूर्वी टायफॉइडच्या शंभर रुग्णांपैकी दहा ते वीस जण दगावत. औषधे आल्यावर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. त्यामुळे आज टायफॉइडचे नाव ऐकून कोणी फारसे घाबरत नाही. आठवडा-दहा दिवस औषध, मऊ भात, थोडा आराम आणि माणूस पुन्हा कामावर.

हा निर्धास्तपणा ज्या औषधांच्या जोरावर आला, ती गेल्या पन्नास वर्षांत एकामागून एक हातची जात आली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे ९० लाख लोकांना टायफॉइड झाला आणि सुमारे १ लाख १० हजार लोक त्यात मरण पावले. यातला मोठा वाटा दक्षिण आशियाचा, म्हणजे भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि नेपाळ या पट्ट्याचा आहे.

जंतू पोटातून येतो, आजार रक्तात होतो

टायफॉइड 'सॅल्मोनेला टायफी' नावाच्या जिवाणूमुळे होतो. अंडी किंवा कोंबडीच्या मांसातून जुलाब-उलट्या घडवणारे सॅल्मोनेला याचेच भाऊबंद, पण टायफीचे वेगळेपण असे की तो फक्त माणसात राहतो. गाय, कोंबडी, उंदीर यांच्यात त्याला घर नाही. म्हणजे टायफॉइडच्या प्रत्येक रुग्णाच्या पोटात गेलेला जंतू दुसऱ्या कुणा माणसाच्या विष्ठेतून पाण्यात किंवा अन्नात आलेला असतो. ऐकायला किळसवाणे वाटते, पण या आजाराचे सगळे गणित इथेच आहे.

तोंडावाटे गेलेला जिवाणू जठरातल्या आम्लातून वाचला की लहान आतड्याच्या अस्तरातून आत शिरतो. एरवी अशा घुसखोराला गिळून संपवण्याचे काम शरीरातल्या भक्षक पेशी करतात. टायफी मात्र त्या पेशींच्या आतच मुक्काम ठोकतो आणि त्यांच्यावर स्वार होऊन यकृत, प्लीहा आणि हाडांतल्या मज्जेपर्यंत पोहोचतो. साधारण एक-दोन आठवड्यांनी तो मोठ्या संख्येने रक्तात उतरतो, तेव्हा ताप सुरू होतो. पहिल्या आठवड्यात ताप जिन्याच्या पायऱ्यांसारखा रोज थोडा थोडा चढतो. जुलाब होतीलच असे नाही, मोठ्या माणसांना उलट बद्धकोष्ठही होते. उपचार मिळाले नाहीत तर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आतड्याला भोक पडण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. बहुतेक मृत्यू याच टप्प्यावर होतात.

पेशींच्या आत दडण्याच्या या सवयीमुळे औषधांची निवडही मर्यादित होते. जेंटामायसिनसारखे औषध प्रयोगशाळेच्या काचेच्या बशीत टायफीला मारते, पण रुग्णाच्या अंगात त्याचा उपयोग होत नाही, कारण ते पेशींच्या आत पुरेसे पोहोचत नाही. मुळातच थोड्या औषधांवर भागवायचे असल्यामुळे त्यातले एक जरी निकामी झाले तरी ते जाणवते.

बऱ्या झालेल्यांपैकी काही जणांच्या पित्ताशयात हा जिवाणू वर्षानुवर्षे टिकून राहतो, विशेषतः पित्ताचे खडे असतील तर. असा माणूस स्वतः ठणठणीत असतो आणि विष्ठेतून जंतू पसरवत राहतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये स्वयंपाकाचे काम करणारी मेरी मॅलन ही याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. 'टायफॉइड मेरी' या नावाने ती आजही ओळखली जाते.

काराकासची माती, क्वालालंपूरचे रुग्ण

टायफॉइडवरचे पहिले परिणामकारक औषध अपघातानेच हाती लागले. व्हेनेझुएलातील काराकास शहराजवळच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून १९४७ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक मिळाले. १९४८ मध्ये अमेरिकी डॉक्टरांचे एक पथक क्वालालंपूरमध्ये स्क्रब टायफस या वेगळ्याच तापावर त्याची चाचणी घेत होते. त्यांच्यातले काही रुग्ण प्रत्यक्षात टायफॉइडचे निघाले, आणि त्यांचा ताप तीन-चार दिवसांत उतरला. तोपर्यंत टायफॉइडचा ताप असा उतरलेला कुणी पाहिला नव्हता. 'क्लोरोमायसेटिन' या नावाने हे औषध जगभर गेले आणि पुढची दोन दशके तेच टायफॉइडचे औषध होते.

१९७२ मध्ये मेक्सिकोत टायफॉइडची मोठी साथ आली. दहा हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि त्यांच्यावर क्लोरॅम्फेनिकॉल चालेना. त्याच वर्षी केरळमधल्या कालिकतमध्येही क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणारा टायफी सापडला. डॉक्टर अँपिसिलिन आणि को-ट्रायमॉक्सॅझोल या औषधांकडे वळले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस भारतीय उपखंडात असे टायफी पसरले, ज्यांच्यावर ही तिन्ही औषधे चालत नव्हती. वैद्यकात यांना 'बहुऔषध-प्रतिरोधी' म्हणतात.

मग आले सिप्रोफ्लॉक्सॅसिन. तोंडाने घ्यायची गोळी, पुढे स्वस्तही झाली, आणि आठवड्याभरात रुग्ण बरा. १९९०च्या दशकात ते इतके लोकप्रिय झाले की ताप, जुलाब, लघवीची जळजळ, कशालाही दिले जाऊ लागले. दहा वर्षे होतात न होतात तोच त्याचा परिणाम उणावू लागला. क्लोरॅम्फेनिकॉलला सुमारे पंचवीस वर्षे मिळाली होती, सिप्रोफ्लॉक्सॅसिनला त्याच्या निम्मीही धड मिळाली नाहीत. त्यानंतर भिस्त आली ती शिरेतून द्यायच्या सेफ्ट्रायॅक्सोनवर, त्याच गटातल्या सेफिक्झिमच्या गोळीवर आणि ॲझिथ्रोमायसिनवर.

सवय शरीराला होत नाही

'माझ्या शरीराला अँटिबायोटिकची सवय झाली आहे, आता साधे औषध लागू पडत नाही,' असे नेहमी ऐकू येते. व्हॉट्सॲपवरच्या आरोग्यविषयक संदेशांतही हेच फिरत असते. प्रत्यक्षात प्रतिरोध येतो तो जिवाणूत, माणसाच्या शरीरात नव्हे. त्यामुळे जन्मात कधी अँटिबायोटिक न घेतलेल्या बाळालाही प्रतिरोधी टायफॉइड होऊ शकतो. त्याच्या पोटात गेलेला जंतू आधीच तयार होऊन आलेला असतो.

तो तयार कसा होतो? जिवाणूंची संख्या अफाट असते आणि दर पिढीत त्यांच्या जनुकांत किरकोळ चुका होत असतात. एखादी चूक योगायोगाने औषधापासून वाचवणारी निघते. औषध नसेल तर अशा जिवाणूला काही विशेष फायदा नसतो. औषध आले की बाकीचे मरतात आणि हा एकटा मोकळ्या रानात वाढतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या बाबतीत हेच झाले. हे औषध जिवाणूच्या डीएनएची गुंडाळी हाताळणाऱ्या एका प्रथिनाला जाऊन चिकटते. त्या प्रथिनाच्या साखळीतली ८३ व्या क्रमांकाची एक कडी बदलली की औषधाची पकड सैल होते. असे आणखी एक-दोन बदल झाले की औषध जवळपास निरुपयोगी ठरते. इतर औषधांपासून वाचण्याचे मार्ग वेगळे आहेत. काही जिवाणू औषधाचे तुकडे करणारे विकर बनवतात, काही आत आलेले औषध पंपासारख्या यंत्रणेने बाहेर फेकतात.

याहून घातक दुसरी वाट आहे. जिवाणूंकडे मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची छोटी कडी असते, तिला प्लाझ्मिड म्हणतात. एका प्लाझ्मिडवर चार-पाच औषधांविरुद्धची जनुके एकत्र बसलेली असू शकतात, आणि एक जिवाणू हे प्लाझ्मिड शेजारच्या जिवाणूला देऊ शकतो. शेजारी त्याच जातीचा असण्याचीही गरज नसते. आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचे जिवाणू कायम असतात, एरवी निरुपद्रवी. सर्दी-खोकला किंवा विषाणूच्या तापासाठी विनाकारण अँटिबायोटिक घेतले की सर्दीच्या विषाणूला काहीच होत नाही, मात्र आतड्यातले साधे ई. कोलाय मरतात आणि प्रतिरोधी ई. कोलाय उरतात. त्यांची जनुके पुढे कुणाच्या हाती लागतील हे सांगता येत नाही.

हैदराबादमध्ये काय घडले

सिंध प्रांतातल्या हैदराबाद शहरात हेच घडले. नोव्हेंबर २०१६ पासून तिथल्या डॉक्टरांना असे रुग्ण दिसू लागले, ज्यांचा ताप सेफ्ट्रायॅक्सोन देऊनही उतरत नव्हता. रुग्णांत मुलेच जास्त होती. लतीफाबाद आणि कासिमाबाद या भागांत सर्वाधिक रुग्ण सापडले. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळणे ही तिथली जुनी दुखणी.

कराचीच्या आगा खान विद्यापीठाने आणि ब्रिटनच्या वेलकम सँगर संस्थेने या जिवाणूचा जनुकीय आराखडा वाचला. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि को-ट्रायमॉक्सॅझोलविरुद्धची जनुके या टायफीने आधीच आपल्या मुख्य गुणसूत्रात पक्की बसवून घेतली होती. त्यावर त्याला आतड्यातल्या दुसऱ्या जिवाणूकडून, बहुधा ई. कोलायकडून, आणखी एक प्लाझ्मिड मिळाले. त्यात सेफ्ट्रायॅक्सोन फोडणारे विकर बनवण्याचे जनुक होते आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनपासून वाचवणारेही. या एका देवघेवीनंतर एकूण पाच प्रकारची औषधे बाद. अशा टायफॉइडला 'व्यापक औषध-प्रतिरोधी', इंग्रजी आद्याक्षरांनी 'एक्सडीआर', म्हणतात. डिसेंबर २०१८ पर्यंत एकट्या सिंध प्रांतात त्याच्या ५,२७४ रुग्णांची नोंद झाली. प्रवाशांबरोबर तो अमेरिका आणि ब्रिटनपर्यंतही पोहोचला.

या रुग्णांसाठी खात्रीची दोनच औषधे उरली. तोंडाने घ्यायचे ॲझिथ्रोमायसिन आणि शिरेतून द्यायचे मेरोपेनेम. मेरोपेनेम हे खरे तर अतिदक्षता विभागातल्या गंभीर रुग्णांसाठी राखून ठेवायचे औषध. ते दिवसातून तीन वेळा शिरेतून द्यावे लागते, म्हणजे बहुतेकदा रुग्णालयात राहणे आले. रोजंदारीवर जगणाऱ्या घरातल्या मुलाला गोळीने बरे होणे आणि आठवडाभर सलाइनवर ठेवावे लागणे यातला फरक किती रुपयांचा, हे त्या घरालाच ठाऊक.

भारतात काय स्थिती आहे?

भारतात सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा काळ संपला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणी जाळ्यातल्या रुग्णालयांत सापडणाऱ्या दहापैकी नऊहून अधिक टायफींवर ते चालत नाही. तरी औषधांच्या दुकानातून 'टायफॉइडची गोळी' म्हणून ते अजूनही दिले जाते.

उलट दिशेची एक बातमीही याच आकडेवारीत आहे. क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि को-ट्रायमॉक्सॅझोल ही बाद ठरलेली जुनी औषधे भारतातल्या बहुसंख्य टायफींवर पुन्हा चालू लागली आहेत. त्यांचा वापर थांबल्यावर त्यांच्याविरुद्धचे प्लाझ्मिड बाळगणे जिवाणूला नुसते ओझे झाले आणि बऱ्याच जिवाणूंनी ते टाकून दिले. म्हणून रक्ताच्या तपासणीत जंतू संवेदनशील आढळला, तर को-ट्रायमॉक्सॅझोलसारखे स्वस्त औषध पुन्हा कामी येऊ शकते. मात्र तपासणीशिवाय, अंदाजाने नाही. शिवाय सिंधमधल्या टायफीसारखी ही जनुके एकदा गुणसूत्रात बसली की तो ती सहज टाकत नाही. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे क्वचित रक्तपेशी तयार होणेच थांबते, हाही धोका आहे.

सेफ्ट्रायॅक्सोन भारतात अजून बहुतेक रुग्णांवर चालते. पण मुंबईतल्या काही रुग्णांमध्ये त्यालाही न जुमानणारे टायफी सापडल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आली आहे. हे टायफी सिंधमधून आलेले नव्हते, त्यांच्याकडचे प्लाझ्मिड वेगळे होते. म्हणजे तशीच देवघेव इथेही स्वतंत्रपणे झाली.

ॲझिथ्रोमायसिनचीही खात्री किती दिवस देता येईल हा प्रश्नच आहे. औषध बाहेर फेकणाऱ्या पंपाच्या प्रथिनातली ७१७ व्या क्रमांकाची फक्त एक कडी बदलली की टायफी ॲझिथ्रोमायसिनला दाद देत नाही. बांगलादेशात असे जिवाणू सापडल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले आणि नंतर पाकिस्तान, नेपाळ व भारतातूनही तशा नोंदी आल्या. कोविडच्या काळात याच ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्या घरोघरी खाल्ल्या गेल्या. कोविडवर त्याचा उपयोग नसल्याचे मोठ्या चाचण्यांतून पुढे स्पष्ट झाले.

विडालचा रिपोर्ट आणि दोन दिवसांची घाई

ताप आला, तिसऱ्या दिवशी रक्त तपासले, 'विडाल पॉझिटिव्ह' आले आणि टायफॉइडचे औषध सुरू झाले. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी हा क्रम ओळखीचा आहे. विडाल चाचणी १८९६ मधली. ती जिवाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडे मोजते. ही प्रतिपिंडे पूर्वी होऊन गेलेल्या टायफॉइडमुळे, लसीमुळे किंवा दुसऱ्याच संसर्गामुळेही रक्तात असू शकतात. जिथे टायफॉइड नेहमीचाच आहे, तिथे अनेक निरोगी माणसांचे विडालही 'एकास ऐंशी' दाखवते. दुसरीकडे, आजाराच्या पहिल्या आठवड्यात खऱ्या रुग्णाची चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. मलेरिया, डेंगी किंवा साध्या विषाणूचा ताप अशा रिपोर्टवर टायफॉइड ठरतो आणि रुग्णाला नको असलेले अँटिबायोटिक मिळते. एकट्या विडालवर विसंबून निदान करू नये, असे तज्ज्ञ वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. चाचणी स्वस्त आहे आणि त्याच दिवशी हातात कागद मिळतो, म्हणून ती टिकून आहे.

भरवशाची तपासणी म्हणजे रक्ताचे कल्चर. त्यात रक्तातला जिवाणू प्रत्यक्ष वाढवला जातो आणि कोणते औषध त्याला मारते तेही कळते. यालाही मर्यादा आहे. दोन-तीन दिवस लागतात आणि साधारण निम्म्या खऱ्या रुग्णांतच जंतू सापडतो. अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी रक्त दिले, तर सापडण्याची शक्यता जास्त. इथेच गडबड होते. बहुतेक रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोहोचतात ते दोन-तीन औषधे बदलून झाल्यावर.

औषधे बदलण्यामागे एक साधा गैरसमज असतो. टायफॉइडमध्ये योग्य औषध सुरू केल्यावरही ताप पूर्ण उतरायला चार ते सहा दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी ताप दिसला की 'औषध लागू पडले नाही' असे ठरवून घरचे दुसरा डॉक्टर गाठतात, तोही अधिक तगडे औषध लिहितो, आणि ताप आपल्या वेळेने उतरला की श्रेय शेवटच्या औषधाला मिळते. अर्थात सहा-सात दिवसांनंतरही ताप तसाच असेल, पोट फुगून दुखत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा रुग्ण गुंगीत बोलत असेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते.

भारतात मार्च २०१४ पासून सेफ्ट्रायॅक्सोनसारखी अनेक महत्त्वाची अँटिबायोटिक 'एच-१' यादीत आहेत. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रेत्याला प्रत्येक विक्रीची नोंद तीन वर्षे ठेवावी लागते. औषधाच्या पट्टीवरची उभी लाल रेघही हेच सांगते. नियम चांगला आहे, अंमलबजावणी दुकानागणिक बदलते.

पाणी आणि लस

टायफॉइडचा प्रसार औषधांनी थांबत नाही. चिलीची राजधानी सँटियागोमध्ये १९८०च्या दशकात टायफॉइड ठाण मांडून होता. शहराचे सांडपाणी प्रक्रिया न करता भाजीपाल्याच्या शेतांना दिले जाई आणि त्यावरची कोशिंबीर शहर कच्ची खाई. १९९१ मध्ये दक्षिण अमेरिकेत कॉलरा आला, त्याच्या धास्तीने सरकारने ही पद्धत बंद केली आणि टायफॉइडचे रुग्ण झपाट्याने घटले. भारतातला फरकही बोलका आहे. २०१७ ते २०२० दरम्यान झालेल्या एका मोठ्या पाहणीत दिल्ली, कोलकाता आणि वेल्लोरच्या शहरी वस्त्यांत दर लाख मुलांमागे वर्षाला ५७६ ते १,१७३ मुलांना टायफॉइड होत असल्याचा अंदाज निघाला. पुण्याजवळच्या ग्रामीण भागात हाच आकडा ३५ होता. दाट वस्ती, एकमेकांना खेटून जाणारे नळ आणि गटार, अधूनमधून येणारे पाणी या गोष्टी शहरी वस्त्यांत एकत्र येतात.

नळ-गटारे बदलायला वर्षे जातात. तोवर हाताशी असलेले साधन म्हणजे टायफॉइडची संयुग्म लस. जुन्या लशी दोन वर्षांखालील मुलांना चालत नसत. ही नवी लस सहा महिन्यांच्या बाळापासून देता येते आणि तिचा एकच डोस लागतो. नेपाळ, बांगलादेश आणि मलावीतल्या चाचण्यांत तिने ८० ते ८५ टक्के संरक्षण दिले. प्रतिरोधी जिवाणूवरही ती तितकीच लागू पडते, कारण ती जिवाणूच्या बाहेरच्या आवरणाला लक्ष्य करते. पाकिस्तानने नोव्हेंबर २०१९ मध्ये सिंधपासून सुरुवात करून ही लस नियमित लसीकरणात आणली. असे करणारा तो पहिला देश. सिंधमधल्या हैदराबादच्या साथीत मुलांना दिलेली लस आपल्या तेलंगणातल्या हैदराबादच्या भारत बायोटेकने बनवलेली होती.

भारतात सार्वजनिक मोहिमेत ही लस पहिल्यांदा वापरली ती नवी मुंबई महानगरपालिकेने. २०१८ मध्ये शहराच्या निम्म्या भागातल्या ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या १ लाख १३ हजारांहून अधिक मुलांना ती दिली गेली. उरलेल्या भागाशी तुलना केल्यावर, लसीकरण झालेल्या भागात मुलांमधला टायफॉइड सुमारे निम्म्याने कमी झाल्याचे दिसले. नंतर उरलेल्या भागातही मोहीम झाली. बालरोगतज्ज्ञांची संघटना ही लस सर्व मुलांना देण्याची शिफारस करते, मात्र खासगी दवाखान्यात तिचे पैसे मोजावे लागतात.

या लशीतून एक भाऊबंद निसटतो. पॅराटायफी 'ए' हा जिवाणू अगदी टायफॉइडसारखाच ताप आणतो आणि भारतात तोही सिप्रोफ्लॉक्सॅसिनला दाद देत नाही. त्याच्या अंगावर लस ओळखते ते आवरणच नसते. दोन्ही जिवाणूंवर चालेल अशी एकत्र लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली असून तिच्या माणसांवरील पहिल्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आहेत.